पत्र होतं, पत्ता नव्हता: लाईम बे १९९३ आणि शाळांच्या डोक्यावरची संस्था

अपघात मार्च १९९३ मधला आहे, इंग्लंडच्या लाईम बे या उपसागरात कयाक (वल्ह्यांनी चालवायच्या अरुंद होड्या) घेऊन गेलेल्या शाळेच्या मुलांचा, पण गोष्ट जून १९९२ पासून सांगावी लागते, कारण जे समुद्रात घडलं ते नऊ महिने आधी कागदावर लिहून झालेलं होतं.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, लाईम रेजिस म्हणून गाव आहे. तिथल्या एका अ‍ॅक्टिव्हिटी सेंटरमध्ये, म्हणजे साहसी खेळ शिकवणाऱ्या केंद्रात, दोन इन्स्ट्रक्टर नोकरीला होते. सेफ्टीच्या बाबतीत तिथे जे चालायचं ते दोघांना पटेना, म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि सोडताना कंपनीच्या मॅनेजिंग डायरेक्टरला पत्र लिहिलं. आशय असा, की तुमच्या सुरक्षिततेकडे नीट बघा, नाहीतर एक दिवस कुणाच्या तरी आईबापांना तुमचं पोर घरी येणार नाही हे सांगायची पाळी तुमच्यावर येईल. पत्र पोचलं. पुढे व्हायला हवं होतं ते झालं नाही.

हे प्रकरण कयाकचं आहे, शिडाच्या होडीचं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण यातून जो कायदा निघाला तो सेलिंग स्कूललाही लागू झाला, आणि 'शाळेत अपघात झाला तर शाळांच्या वरच्या संस्थेचं काय काम' हा प्रश्न याच्याइतका उघडा पडलेलं दुसरं प्रकरण निदान मला तरी माहीत नाही.

त्या दिवशी काय झालं

२२ मार्च १९९३, सोमवार. प्लिमथच्या साउथवे शाळेची आठ मुलंमुली, १६-१७ वर्षांची, सोबत त्यांचे एक शिक्षक आणि सेंटरचे दोन इन्स्ट्रक्टर, असे अकरा जण सकाळी दहाच्या सुमाराला लाईम रेजिसहून निघाले. जायचं होतं शेजारच्या चारमथला, किनाऱ्याकिनाऱ्याने दोनेक मैल. जेवायच्या वेळेला परत. म्हणजे कुणालाही वाटेल की यात काय आहे, किनारा तर दिसतोय.

पण किनारा दिसतोय यावर विसंबणं हीच खरी गोम असते. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत होता, आपण शाळेत मतलई वारे शिकलो ना, साधारण त्याच दिशेचा. असा वारा किनाऱ्यावर उभ्या माणसाला फसवतो. पायाशी पाणी अगदी शांत दिसतं, कारण लाट उठायला वाऱ्याला मोकळं पाणी लागतं आणि किनाऱ्याजवळ ते नसतं. जसजसं आत जाल तसतशी लाट मोठी होते, आणि परत यायला वळलात की वारा थेट तोंडावर. नवशिक्या माणसाला हे कळतं तेव्हा त्याचे हात भरून आलेले असतात. सेलिंग शिकवणारा कुठलाही मास्तर पहिल्या दिवशी झेंडा बघायला शिकवतो तो यासाठीच.

निघाल्यावर थोड्याच वेळात शिक्षकांची कयाक उलटायला लागली. सरळ केली की पुन्हा उलटी. एक इन्स्ट्रक्टर त्यांच्यापाशी थांबला, दुसरीने आठही मुलांच्या कयाक एकमेकींना लावून तराफा केला आणि सगळ्यांनी धरून बसायचं ठरलं. तराफा करणं ही तशी शिकवलेली, बरोबर गोष्ट आहे, नवखी मुलं एकत्र राहतात, उलटत नाहीत. फक्त एक अडचण, तराफा वल्हवता येत नाही, तो वाऱ्याबरोबर जातो. आणि वारा कुठे चालला होता ते वर सांगितलंच. म्हणजे एक इन्स्ट्रक्टर एका मोठ्या माणसाला सांभाळतोय आणि आठ मुलं नि दुसरी इन्स्ट्रक्टर हळूहळू आत आत चाललेत, दोन्ही टोळ्यांना एकमेक दिसेनासे झाले.

कयाकवर स्प्रे डेक नव्हते. स्प्रे डेक म्हणजे कमरेभोवतीचं ते झाकण ज्यामुळे लाटेचं पाणी आत शिरत नाही. ते नसलं तर उघड्या समुद्रात प्रत्येक लाट थोडं पाणी आत टाकते आणि भरलेली कयाक उलटतेच. एकेक करून सगळे पाण्यात. फ्लेअर (संकटात खूण म्हणून पेटवायचे दिवे) नव्हते, रेडिओ नव्हता, सोबत मोटारबोट नव्हती, म्हणजे आम्ही इथे आहोत हे कुणाला सांगायचा एकही मार्ग नव्हता, ओरडण्याव्यतिरिक्त.

आणि किनाऱ्यावर कुणाला काळजी वाटायला हवी होती तर ती वेळेवर वाटली नाही. निघताना कोस्टगार्डला कळवलेलं नव्हतं. दुपारच्या जेवणाला परत यायचे लोक आले नाहीत, आणि कोस्टगार्डला सेंटरकडून खबर गेली ती दुपारी साडेतीनच्या सुमाराला. मार्चच्या पाण्यात तासन्‌तास. हेलिकॉप्टरने त्यांना उचललं तोवर संध्याकाळ झाली होती. चार मुलं गेली. शिक्षक, दोन्ही इन्स्ट्रक्टर आणि बाकीची चार मुलं वाचली.

दोन्ही इन्स्ट्रक्टरांपाशी त्या वेळच्या ब्रिटिश कनू युनियनचा, म्हणजे या खेळाच्या वरच्या संस्थेचा (गव्हर्निंग बॉडीचा), वन स्टार होता. वन स्टार म्हणजे सगळ्यात खालची पायरी, शांत पाण्यात स्वतःपुरती होडी चालवता येते एवढाच दाखला. दुसऱ्याला शिकवायचा नाही, समुद्रात न्यायचा तर नाहीच नाही. या दोघांना दोष देणं सोपं आहे पण मला ते पटत नाही. ज्याला आपल्याला काय येत नाही हेच माहीत नाही, त्याला सोमवारी सकाळी आठ मुलं सोपवणारा कोण, हा प्रश्न आधी.

कोर्टात काय झालं

१९९४ च्या डिसेंबरात विंचेस्टर क्राउन कोर्टात निकाल लागला. मॅनेजिंग डायरेक्टरला मनुष्यवधासाठी ३ वर्षं कैद, अपिलात ती २ वर्षांवर आली. सेंटरच्या मॅनेजरबद्दल ज्युरीचं एकमत होईना, तो सुटला. आणि कंपनी, ओएलएल लिमिटेड, तीही मनुष्यवधात दोषी ठरली, ६०,००० पौंड दंड. इंग्लंडच्या कायद्यात एखादी कंपनी मनुष्यवधासाठी दोषी ठरण्याची ही पहिलीच वेळ.

पहिलीच का, तर आधीचा नियम असा होता की कंपनीला दोषी ठरवायचं तर कंपनीचं 'डोकं' असलेला एखादा वरचा माणूस स्वतः दोषी निघाला पाहिजे. १९८७ मध्ये बेल्जियममधल्या झेब्रुगला हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राईज ही फेरी उलटून १९३ माणसं गेली, तिच्या कंपनीवरचा खटला १९९० मध्ये कोसळला तो यामुळेच. मोठ्या कंपनीत चूक इतक्या लोकांत वाटली जाते की एकाच्या वाट्याला पुरेशी येत नाही. लाईम रेजिसची कंपनी छोटी, एका माणसाभोवती चालणारी. आणि त्या माणसाच्या टेबलावर ते जूनचं पत्र. त्याला माहीत होतं हे सिद्ध करायला सरकारी पक्षाला फार लांब जावंच लागलं नाही. (कंपन्यांसाठी वेगळा मनुष्यवधाचा कायदा पुढे २००७ मध्ये झाला, २००८ पासून लागू. म्हणजे ही त्रुटी बुजवायला आणखी चौदा वर्षं.)

एक उपकथानकही आहे. मुलांच्या बाजूने भरपाईचे दावे आले तेव्हा कंपनीने उलट कोस्टगार्डकडे बोट दाखवलं, की तुम्ही शोध धड केला नाहीत, चुकीच्या जागी पाठवलंत, तर भरपाईत तुमचाही वाटा. १९९७ मध्ये हायकोर्टाने ते उडवून लावलं, कोस्टगार्ड अशा बाबतीत कुणा एका व्यक्तीचं देणं लागत नाही म्हणाले. कोस्टगार्डला उशिरा कळवणाऱ्यांनीच हा दावा करावा, याला काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मग वरची संस्था कुठे होती?

आता मुद्द्यावर येतो. या सगळ्यात खेळाची गव्हर्निंग बॉडी दिसते कुठे? फक्त एका ठिकाणी, त्या वन स्टारमध्ये. म्हणजे संस्थेचा शिक्का इन्स्ट्रक्टरच्या कागदावर होता पण सेंटर कसं चालतं, कोण कुणाला कुठे नेतं, सोबत बोट आहे का, यावर तिचा हात नव्हता. आणि सरकारचाही नव्हता, कारण १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये पैसे घेऊन मुलांना समुद्रात नेणारं सेंटर काढायला कसलंच लायसन्स लागत नव्हतं. १९७४ चा कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेचा सर्वसाधारण कायदा होता, पण तो प्रत्यक्ष लागू होतो तो मुख्यतः काहीतरी घडून गेल्यावर.

त्या दोन इन्स्ट्रक्टरांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तुम्ही सेंटर सोडलंय, तुम्हाला दिसतंय की इथे कुणीतरी मरणार आहे, आणि तुम्ही पत्र लिहायला बसलात. कुणाला लिहिणार? मालकाला. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्यालाच. हेच पत्र सेंटर बंद करण्याची ताकद असलेल्या कुणाला लिहायचं तर असा कुणी ठरलेला नव्हता. म्हणून ते पत्र खटल्यात पुरावा म्हणून वाचलं गेलं, त्याआधी त्याचा कुणाला उपयोग झाला नाही.

माझ्या मते गव्हर्निंग बॉडीची शाळांबद्दलची जबाबदारी इथून सुरू होते. अपघातानंतर पत्रक काढण्यापासून नाही.

सेलिंगमध्ये चित्र जरा वेगळं आहे. ब्रिटनची रॉयल यॉटिंग असोसिएशन, म्हणजे आरवायए, ही १८७५ ची संस्था, मुळात शर्यतींसाठी निघालेली. तिची पद्धत अशी की इन्स्ट्रक्टरला दाखला मिळतोच पण शाळेलाही वेगळी मान्यता घ्यावी लागते, तिची दरवर्षी तपासणी होते, आणि शाळेने पाळायचे आकडे ठरलेले आहेत. इन्स्ट्रक्टर होडीत बसून शिकवत असेल तर त्याच्यामागे तीन शिकाऊ, एकट्याने चालवायच्या छोट्या होड्या असतील तर एका इन्स्ट्रक्टरमागे सहा. लाईम बेमधला आकडा बघा, दोन इन्स्ट्रक्टर आणि नऊ शिकाऊ (शिक्षकही शिकाऊच होते), कागदावर फार वाईट नाही. पण एक जण एकापाशी अडकला की दुसरीच्या वाट्याला आठ, आणि सेफ्टी बोट शून्य. म्हणून नुसतं प्रमाण तपासणं पुरत नाही, एक माणूस कमी झाला की काय होतं हे तपासणाऱ्याने विचारायला हवं. हा प्रश्न वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाच्या यादीत बसवणं अवघड आहे, मान्य. त्या दिवशी होड्या धुतलेल्या असतात, लाईफजॅकेट टांगलेली असतात, सगळे इन्स्ट्रक्टर हजर असतात. ऐन सीझनमधल्या एखाद्या गर्दीच्या दुपारी, दोन जण आजारी आहेत आणि बुकिंग फुल आहे, तेव्हा शाळा काय करते ते तिथल्या इन्स्ट्रक्टरलाच माहीत असतं. म्हणून पुन्हा तेच, त्याला बोलायला जागा हवी, मालकाला वळसा घालून.

मान्यता दिली म्हणजे जबाबदारी आली का?

इथे बऱ्याच संस्थांचे वकील हात झटकतात. आम्ही फक्त अभ्यासक्रम देतो, शाळा स्वतंत्र धंदा आहे, तिथे काय झालं त्याचे आम्ही धनी नाही. ब्रिटिश कोर्टांनी याचं उत्तर दुसऱ्या खेळांच्या निमित्ताने दिलंय आणि ते सेलिंगवाल्यांनी वाचण्यासारखं आहे.

पहिलं बॉक्सिंगचं. २१ सप्टेंबर १९९१, लंडनमध्ये मायकल वॉटसन आणि ख्रिस यूबँक यांची लढत. बाराव्या फेरीत लढत थांबवली, नंतर वॉटसन कोसळला, मेंदूत रक्तस्राव. रिंगपाशी डॉक्टर होते पण श्वास चालू ठेवण्याची, मेंदू वाचवण्याची जी तातडीची सोय हवी ती नव्हती, पहिल्यांदा ज्या हॉस्पिटलात नेलं तिथे मेंदूची शस्त्रक्रिया होत नव्हती. माणूस जगला पण कायमचा अधू झाला. त्याने लढत भरवणाऱ्यावर नाही, ब्रिटिश बॉक्सिंग बोर्ड ऑफ कंट्रोलवर दावा लावला, आणि डिसेंबर २००० मध्ये अपील कोर्टातही जिंकला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की रिंगपाशी काय वैद्यकीय सोय असावी याचे नियम तुम्ही करता, बॉक्सर त्यावर विसंबून उतरतो, तुमच्याकडे ते ठरवण्याचं ज्ञान आहे, तर नियम अपुरे असल्याची जबाबदारीही तुमची. बोर्डाकडे विमाही नव्हता. शेवटी ४ लाख पौंडांवर तडजोड झाली आणि त्यासाठी बोर्डाला आपली मुख्यालयाची इमारत विकावी लागली.

दुसरं मोटर रेसिंगचं, गुडवुडचा ट्रॅक, १९९८ मध्ये एक चालक टायरच्या भिंतीवर आदळून गेला. २००४ च्या निकालात कोर्ट म्हणालं की ब्रिटनच्या मोटरस्पोर्ट संस्थेने हा ट्रॅक तपासून सुरक्षिततेबद्दल सल्ला दिला, म्हणून चालकाबद्दल काळजी घेण्याचं कर्तव्य तिला होतं. पण तिने ते नीट बजावलं होतं, म्हणून ती दोषी नाही. आणि आंतरराष्ट्रीय संस्था, एफआयए, तिचं मात्र कर्तव्यच नव्हतं, ती इतकी जवळ नव्हती.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की बरंच कळतं. जवळ जाल, तपासाल, आकडे ठरवाल, लोक तुमच्या शिक्क्यावर पैसे मोजतील, तर तुम्ही जबाबदार. यावर काही संस्थांना सुचणारा शहाणपणा म्हणजे मग जवळच जाऊ नका, तपासणी कमी करा, अंगावर काही येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने कदाचित बरोबरही असेल. पण मग शाळेच्या फाटकावर तो लोगो कशाला हवा? पालक फी भरतात ती तो लोगो बघून. शिवाय गुडवुडच्या संस्थेने तपासलं आणि ती सुटली, हेही विसरू नये.

कायदा आला, भोकांसकट

प्लिमथ डेव्हनपोर्टचे खासदार डेव्हिड जेमिसन यांनी मुलांच्या पालकांसोबत हा विषय लावून धरला आणि खाजगी विधेयकातून १९९५ चा अ‍ॅक्टिव्हिटी सेंटर्स कायदा झाला. १९९६ पासून लायसन्स सुरू. १८ वर्षांखालच्या मुलांना पैसे घेऊन गुहा, गिर्यारोहण, डोंगरभटकंती आणि पाण्यातले खेळ या चार गटांपैकी काही करवणाऱ्याला लायसन्स हवं. पाण्यात सेलिंग धरलेलं आहे. पाणी कुठलं तेही लिहिलंय: समुद्र, भरती-ओहोटीचं पाणी, खळाळतं पाणी, आणि तळं असेल तर किनाऱ्यापासून ५० मीटरपेक्षा आत जाता येईल एवढं मोठं. बैल गेला नि झोपा केला म्हणावं तर म्हणा, पण झोपा बरा केला. लायसन्स देणारे लोक हे खेळ स्वतः जाणणारे होते, ही मोठीच गोष्ट.

भोकं मात्र राहिली. शाळा स्वतःच्याच विद्यार्थ्यांना नेत असेल तर लायसन्स नको. क्लब आपल्याच सभासदांच्या मुलांना शिकवत असेल तर नको. आईबाप सोबत असतील तर नको. आणि १८ च्या वरच्यांना तर नकोच, म्हणजे पंचवीस वर्षांचा नवशिक्या त्याच वाऱ्यात त्याच होडीत निघाला तर तो सरकारचा विषय नाही. सेलिंगमधली कितीतरी शिकवणी या मोकळ्या जागेतच चालते, क्लबांतून आणि मोठ्यांच्या कोर्सेसमधून. तिथे सरकार नाही, उरते फक्त गव्हर्निंग बॉडी. म्हणून कायदा आल्यावर तिचं काम हलकं झालं असं कुणी समजू नये, उलट जिथे कायदा थांबतो तिथे ती एकटीच उभी आहे.

२००७ मध्ये लायसन्स द्यायचं काम हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्हकडे, म्हणजे कामाच्या जागेवरची सुरक्षितता बघणाऱ्या सरकारी संस्थेकडे, गेलं. २०१० मध्ये सरकारसाठी लिहिलेल्या लॉर्ड यंग यांच्या अहवालाने ही सगळी लायसन्स पद्धतच मोडीत काढून त्याजागी आचारसंहिता आणावी अशी शिफारस केली, कागदपत्रांचं ओझं फार म्हणून. शिफारस तशीच पडून राहिली आणि लायसन्स चालू राहिलं.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी

समजा आता एका मान्यताप्राप्त सेलिंग स्कूलमध्ये माणूस गेला. संस्थेच्या ऑफिसात फोन वाजतो. पुढच्या दोन दिवसांत काय होतं ते जवळपास ठरलेलं असतं, विमावाला सांगतो काही बोलू नका, वकील सांगतो काही लिहू नका, आणि पत्रकात येतं की आम्हाला अतीव दुःख झालं असून चौकशी सुरू असल्याने अधिक सांगता येत नाही. यातला चौकशीचा भाग खोटा नसतो. पण तो पडदा म्हणून वापरला जातो.

गोम अशी की संस्था एकाच वेळी त्या शाळेची मास्तरही असते आणि परीक्षकही. तिनेच इन्स्ट्रक्टर घडवला, तिनेच मागच्या वर्षी तपासून पास केलं, शाळेची फी तिलाच जाते, आणि आता तिनेच ठरवायचं की मान्यता काढायची का. शाळा चुकली म्हटलं तर प्रश्न येतो की तुम्ही मग काय तपासलंत. म्हणून चौकशी तिने स्वतः करूच नये असं माझं मत आहे, निदान मृत्यू असेल तेव्हा तरी. ब्रिटनमध्ये यासाठी समुद्री अपघात तपासणारी वेगळी शाखा आहे, एमएआयबी, हेराल्डच्या अपघातानंतर १९८९ मध्ये काढलेली. तिचं काम दोष ठरवणं नाही, पुन्हा होऊ नये म्हणून कारण शोधणं आहे, आणि अहवाल सगळ्यांना वाचायला मिळतो. संस्थेने काय करावं, तर आपली तपासणीची कागदपत्रं मागायच्या आधी त्यांच्या हाती द्यावीत. त्यात आपली चूक दिसत असेल तरी.

बाकीच्या शाळांना मात्र अहवालाची वाट बघायला लावू नये. अहवालाला महिने जातात, कधी वर्षाच्या वर, आणि तेवढ्यात एक आख्खा सीझन होऊन जातो, त्याच जातीच्या होड्या, त्याच वयाची मुलं. कोण चुकलं हे न सांगताही काय घडलं हे सांगता येतं. होडी पालथी झाली, शिकाऊ खाली अडकला, हार्नेसचा हुक अडकला होता असं दिसतं, तुमच्याकडे हीच होडी असेल तर उद्या सकाळी पाण्यात उतरण्याआधी एवढं बघा. चार ओळी. वकिलाला चालतील अशा चार ओळी लिहिता येतात, लिहायची इच्छा हवी.

हुकचं उदाहरण मनाने घेतलेलं नाही. जून २०११ मध्ये अमेरिकेत अ‍ॅनापोलिसला क्लबच्या शिकवणीत ४२० जातीची होडी पालथी होऊन १४ वर्षांची मुलगी गेली, तिच्या ट्रॅपीझ हार्नेसचा हुक अडकला होता. ट्रॅपीझ म्हणजे डोलकाठीवरून आलेल्या तारेला कमरेचा हुक लावून होडीबाहेर लटकायचं, होडी सपाट ठेवायला. वर असताना मजा, पण होडी पालथी झाली की तोच हुक पाण्याखालच्या दोऱ्यातारांत गुंततो, आणि अंगातलं लाईफजॅकेट माणसाला वर, म्हणजे होडीच्या पोटाला दाबून धरतं. यावर उपाय म्हणजे झटक्यात सुटणारा हुक. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १०८६२, २००९ मध्येच आलं होतं, अपघाताच्या दोन वर्षं आधी. यूएस सेलिंग या तिथल्या वरच्या संस्थेने त्या अपघाताचा अभ्यास करून अहवाल लोकांपुढे ठेवला हे चांगलंच. पण शर्यतींच्या जागतिक नियमांत असा हुक सक्तीचा झाला तो १ जानेवारी २०२३ पासून. मानक ते सक्ती, चौदा वर्षं. आणि तोही नियम शर्यतीतल्या स्पर्धकांसाठी. शनिवारच्या क्लासला येणाऱ्या, मोठ्या भावाचा जुना हार्नेस घातलेल्या मुलाला तो आपोआप लागत नाही, तिथे शाळेला मान्यता देणारी संस्था काय म्हणते यावरच सगळं. मान्यतेच्या अटींत एक ओळ घालायला जागतिक परिषद लागत नाही.

मान्यता लगेच काढावी का यावर मी बराच विचार केला. लगेच काढली तर लोक म्हणतात शाळेला बळीचा बकरा केलं, नाही काढली तर पाठीशी घातलं. मला वाटतं पाण्यावरचं काम तात्पुरतं थांबवावं आणि ते शिक्षा म्हणून नाही असं तोंडाने सांगावं, एक बाहेरचा जाणकार तिथे बसवावा, आणि त्याने हिरवा कंदील दिला की पुन्हा सुरू. थांबलेल्या दिवसांचे पैसे हा खरा अडथळा असतो, छोटी शाळा दोन आठवडे बंद राहिली तर मरते, म्हणून शाळा लपवतात. संस्थेने सगळ्या शाळांच्या फीमधून थोडा पैसा यासाठी बाजूला ठेवला तर लपवायचं कारणच कमी होईल. वॉटसनच्या केसनंतर इमारत विकण्यापेक्षा हे स्वस्त.

आणि तो इन्स्ट्रक्टर. सेलिंग स्कूलमध्ये सीझनपुरते काम करणारे बरेच जण विशीच्या आसपासचे असतात. अपघातानंतर पोलीस बोलतात, तपासणारे बोलतात, पत्रकार फोन करतात, शाळेचा वकील शाळेचा असतो, त्याचा नाही. त्याच्याकडे उरतो तो दाखला, आणि दाखला संस्थेचा आहे. तर मग त्याला वेगळा वकील, वेगळा बोलायला माणूस देणं हे संस्थेचंच काम. तो दोषी आहे की नाही हे ठरायच्या आधी. लाईम बेच्या त्या दोघांबद्दल मी हाच विचार करतो, त्या दिवसानंतर त्यांच्याशी शिक्का देणाऱ्यांपैकी कुणी बोललं असेल का.

तक्रारीच्या पत्त्याबद्दल एवढंच अजून. नुसता ईमेल ठेवून भागत नाही, कारण या धंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, आज या शाळेची तक्रार केली की पुढच्या सीझनला दुसऱ्या शाळेत नोकरी मिळत नाही. नाव गुप्त राहील याची हमी हवी, आलेल्या पत्राची नोंद व्हावी, ठरलेल्या दिवसांत कुणीतरी न कळवता जाऊन बघावं, आणि लिहिणाऱ्याला उत्तर जावं की आम्ही गेलो, हे बघितलं, हे बदलायला सांगितलं. हा पत्ता दाखल्याच्या मागच्या बाजूलाच छापावा, म्हणजे नोकरी सोडताना तो आपसूक हातात असेल.

जून १९९२ मध्ये असा पत्ता असता, तर पत्र त्यावर गेलं असतं आणि कुणीतरी ऑगस्टमध्ये लाईम रेजिसला जाऊन विचारलं असतं, स्प्रे डेक कुठे आहेत, फ्लेअर कुठे आहेत, समुद्रात नेणाऱ्याचा दाखला दाखवा.